जमिनीशी नाते तोडलेली वीज

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर 1926 साली भंडारदरा धरण पुरे झाले. त्या धरणाच्या पाण्यावर आज जनित्रे फिरतात, वीज तयार होते, ग्रिडमध्ये मिसळते, आणि अहिल्यानगरच्या सावेडीत किंवा श्रीरामपुरात एखाद्या टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर सोल्डरिंगची काडी तापते. म्हणजे भंडारदऱ्याची वीज टेबलावर आली, असे आपण म्हणतो. पण त्या जनित्राच्या तारेतला एकही इलेक्ट्रॉन त्या टेबलापर्यंत कधी पोचलेला नाही! पोचणारही नाही. तांब्याचा सलग रस्ताच नाही. वाटेत तो तुटलेला आहे, आणि मुद्दाम तोडलेला आहे.

विश्वास बसत नसेल तर आधी इलेक्ट्रॉन धावतो तरी किती ते बघू. घराच्या वायरिंगमधली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या आणि तिच्यातून एक अँपिअर प्रवाह जाऊ द्या. आपली वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होणारी. त्या प्रत्येक हेलकाव्यात इलेक्ट्रॉन सरासरी किती सरकतो? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही नाही! तुमच्या भिंतीतल्या तारेतले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे भिंतीतच जागच्या जागी थरथरत असतात. प्रवास करते ती फक्त ऊर्जा.

मग तांबे तुटते कुठे? तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, खांबांवर बसवलेल्या त्या राखाडी टाकीत, जिला सगळा जिल्हा ‘डीपी’ म्हणतो. डीपीच्या आत 11,000 व्होल्टची एक कॉइल आहे आणि आपल्याला वीज देणारी, दोन फेजमध्ये 433 व्होल्टची दुसरी. दोन्ही एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या, पण एकमेकींना कुठेही न टेकणाऱ्या. मध्ये कागद आणि तेल. एकीतली वीज लोखंडात चुंबकत्व जागवते, ते चुंबकत्व सतत बदलत राहते, आणि त्या बदलातून दुसरीत नवी वीज जन्म घेते. तुमच्या घरातली वीज खऱ्या अर्थाने त्या डीपीत जन्मलेली असते.

ही करामत पहिल्यांदा मायकेल फॅरडेने 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पाहिली. त्याने लोखंडाचे एक कडे घेतले, त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारा गुंडाळल्या आणि तारेचे वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि सुती कापड घातले. एका बाजूला बॅटरी जोडली. दुसऱ्या बाजूच्या तारेजवळची चुंबकसूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी काढली, ती पुन्हा हलली. बॅटरी जोडलेली असताना मात्र ढिम्म! वीज असल्याने काही होत नव्हते, वीज बदलल्याने होत होते. पुढे 1885 मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घडवला आणि फॅरडेच्या कड्याला उद्योगाचे रूप आले. पण मूळ चमत्कार तोच राहिला: न शिवता देणे.

आता खरा प्रश्न. डीपीतच तांबे तुटलेले असेल, आपली वीज वरच्या लाइनपासून सुटी असेल, तर एका तारेला हात लागताच शॉक का बसतो? शॉक बसायला प्रवाहाला जायला वाट हवी आणि परतायलाही वाट हवी. हात फेजला लागला, ही झाली जायची वाट. परतीची वाट कुठून आली?

उत्तर समजण्यासाठी व्होल्ट म्हणजे काय ते पक्के करून घेऊ. कळसूबाईची उंची 1646 मीटर. कुठून मोजलेली? समुद्रसपाटीपासून. बारी गावातून चढायला लागलात तर तुम्ही त्याहून बऱ्याच कमी मीटर चढता, कारण बारी स्वतःच उंचावर आहे. नुसते ‘उंची इतकी’ म्हणण्याला अर्थ नाही. ‘कुठून’ हे सांगावेच लागते. व्होल्टचेही अगदी तसेच. 230 व्होल्ट हा दोन बिंदूंमधला फरक आहे. एका बिंदूला एकट्याने व्होल्ट नसतात. डीपीतल्या एका फेजच्या कॉइलची दोन टोके घेतली तर त्यांच्यातला फरक 230. पण त्यातले कोणतेही एक टोक जमिनीपासून किती उंच? जोवर कॉइल जमिनीला कुठेच बांधलेली नाही, तोवर या प्रश्नाला ठाम उत्तरच नाही. तो डोंगर हवेत तरंगतो आहे. त्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतचे अंतर माहीत आहे, पण पायथा कोणत्याच गावाला टेकलेला नाही.

आणि मग वीज कंपनी तो पायथा खाली आणून जमिनीला पक्का बांधते. डीपीतल्या तिन्ही फेजच्या कॉइल जिथे मिळतात तो मधला बिंदू, म्हणजेच न्यूट्रल, अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेला असतो. डीपीच्या खांबापाशी पाहा: पट्टी किंवा जाड तार खाली जमिनीत गेलेली दिसेल. त्या क्षणापासून अख्खी पृथ्वी आपल्या वीजपुरवठ्याची एक तार होऊन बसते. तुमच्या पायाखालची ओली फरशी ही महावितरणची दुसरी तार आहे! तुम्ही जमिनीवर उभे आहात म्हणजे एका तारेला आधीच टेकलेले आहात. आता फक्त दुसरी लागायची खोटी.

खेड्यापाड्यात काही जण फेजची तार घेतात, न्यूट्रलऐवजी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला दुसरे टोक जोडतात, आणि बल्ब लागतो. हे बेकायदा आहे आणि जीवघेणे आहे. त्या सळईभोवतीच्या ओल्या जमिनीवर पाय ठेवलेले जनावर किंवा माणूस तिथेच जाऊ शकते. पण बल्ब लागतो ही गोष्ट मात्र सांगून जाते: वीज सळईतून जमिनीत उतरली आणि मातीतून वाट काढत डीपीच्या खड्ड्यापर्यंत परत गेली.

मग ही जोडणी करायचीच कशाला? कारण ती नसती तर त्याहून मोठे संकट उभे राहिले असते. समजा डीपीच्या आतले इन्शुलेशन फाटले आणि 11,000 व्होल्ट घरच्या बाजूला शिरले. पायथा जमिनीला बांधलेला असेल, तर तो दाब जमिनीकडे वळतो, मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो. बांधलेला नसेल, तर तो दाब गावभरच्या घरांत पसरतो. शिवाय फ्रिजच्या बॉडीला करंट उतरला तर तो अर्थिंगच्या तारेतून परत जाऊन फ्यूज उडवतो, तेही याच जोडणीमुळे. साठच्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात गावोगाव लाइन नेली. ग्रामीण विजेचा सहकारी प्रयोग करणाऱ्या देशातल्या पहिल्या पाच संस्थांपैकी ती एक, आणि 2011 मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. तारेइतकाच अर्थिंगचा खड्डाही त्या कामाचा भाग होता. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, कोरडी पडते, आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि जाणती माणसे उन्हाळ्यात त्यात आठवणीने पाणी ओततात. भर मे महिन्यात जमिनीला बादलीभर पाणी पाजून माणसाचा जीव वाचवायचा, याहून साधी आणि थोर अशी सुरक्षेची रीत मला ठाऊक नाही.

म्हणजे डीपीने जमिनीशी बांधलेली गाठ गावासाठी वरदान आहे. पण दुरुस्तीच्या टेबलावर तीच गाठ घात करते.

का, ते शरीराच्या हिशेबाने पाहा. ओल्या हाताचे आणि ओल्या पायाचे शरीर सुमारे 1000 ओहम धरले, तर 230 व्होल्टला 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एक मिलिअँपिअर जेमतेम जाणवतो. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. तीसच्या पुढे धोका वेगाने वाढतो. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर छातीतून क्षणभर गेले तरी हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. शून्य वॅटचा म्हणून विकला जाणारा छोटा बल्बसुद्धा याहून फारशी जास्त वीज घेत नाही. घरभर उजेड करणाऱ्या विजेतला किती बारीकसा अंश माणसाला पुरतो!

आता टेबलावर एलईडी टीव्हीचे पॉवर सप्लाय बोर्ड उघडे पडले आहे. आत आलेली 230 व्होल्टची वीज आधी चार डायोडच्या ब्रिजमधून जाते आणि मोठ्या कपॅसिटरवर साठते. मल्टिमीटर लावा: 325 व्होल्टच्या आसपास! 230 हा सरासरीसारखा काढलेला आकडा. लाट प्रत्यक्षात 325 पर्यंत उसळते आणि कपॅसिटर तो माथा पकडून ठेवतो. या भागाला दुकानात ‘हॉट साइड’ म्हणतात. इथे एक मोठी फसगत आहे. त्या कपॅसिटरच्या वजा टोकाला सर्किटच्या नकाशात ‘ग्राउंड’ म्हटलेले असते, पण त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. लाटेच्या एका अर्ध्या भागात डायोड ते टोक न्यूट्रलला जोडतात, दुसऱ्या अर्ध्या भागात थेट फेजला. सेकंदाला 50 वेळा ते ‘ग्राउंड’ जमिनीच्या खाली 325 व्होल्टपर्यंत बुडी मारून येते.

आणि सीआरओची, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, ग्राउंडची चिमटी? ती आतून सीआरओच्या बॉडीला, तिथून तीन पिनी प्लगच्या अर्थला, म्हणजे जमिनीला जोडलेली असते. नवशिक्या ‘ग्राउंडला ग्राउंड’ म्हणून चिमटी कपॅसिटरच्या वजा टोकाला लावतो. फेज, डायोड, चिमटी, जमीन असा सरळ शॉर्ट होतो. ठिणगी, धूर, फुटलेले डायोड, जळालेली चिमटी, आणि दैव वाईट असेल तर सीआरओही गेला.

इथे तो साधासुधा, जड, गुणगुणणारा डबा मदतीला येतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. 230 व्होल्ट आत, 230 व्होल्ट बाहेर. दोन्ही कॉइलचे वेढे जवळपास सारखे. दाब वाढवत नाही, कमी करत नाही. मग करतो काय? डीपीने जमिनीशी जी गाठ बांधली, ती तो तुमच्या टेबलापुरती सोडतो. बाहेरच्या कॉइलची दोन्ही टोके जमिनीला कुठेच जोडलेली नाहीत. डोंगर पुन्हा तरंगायला लागला. आता एका टोकाला हात लागला आणि पाय ओल्या फरशीवर असले, तरी प्रवाहाला परतायला वाट नाही. फरशी आता दुसरी तार राहिली नाही! सीआरओची चिमटी हॉट साइडच्या वजा टोकाला लावली तरी शॉर्ट होत नाही. फक्त ते टोक जमिनीच्या पातळीला येऊन बसते आणि पडद्यावर लाट सुंदर उमटते.

किती पक्के सुटलेले असते हे? पूर्ण नाही, आणि त्यातही एक मौज आहे. दोन कॉइल शेजारी शेजारी आहेत, मध्ये इन्शुलेशन. म्हणजेच नकळत तयार झालेला एक कपॅसिटर. समजा तो एक नॅनोफॅरडचा आहे. 50 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे 32 लाख ओहम होतो आणि त्यातून 230 व्होल्टला फार तर 72 मायक्रोअँपिअर झिरपतात, जाणवू लागणाऱ्या प्रवाहाच्या चौदाव्या हिश्श्याइतके. शरीराला कळतही नाही. पण टेस्टरच्या निऑन दिव्याला इतकेही पुरते! म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या कधी एका, कधी दोन्ही टोकांवर टेस्टर मंद लुकलुकतो आणि डिजिटल मल्टिमीटर जमिनीपासून पन्नास-शंभर व्होल्टचा भास दाखवतो. ‘आयसोलेशन फेल आहे’ असे म्हणून कोणी चांगला ट्रान्सफॉर्मर परत करायला निघाला, तर त्याला थांबवा. लहान दिवा टेस्टरऐवजी जोडून पाहिला की तो भास नाहीसा होतो, कारण त्या झिरपत्या प्रवाहात दिवा लावण्याची ताकदच नसते.

आता या डब्याच्या मर्यादा, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण लोक दगावतात ते याच जागी.

पहिली मर्यादा उघड आहे, तरी विसरली जाते. दोन टोकांमधला फरक अजून 230 व्होल्टच आहे. एक हात एका टोकाला आणि दुसरा दुसऱ्याला लागला, तर हृदय मधोमध येते आणि जगातला कोणताही आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वाचवू शकत नाही. जुन्या मेकॅनिकांची चालू सर्किटवर एकाच हाताने काम करण्याची सवय याच हिशेबातून आलेली आहे.

दुसरी मर्यादा सूक्ष्म आहे आणि मला सगळ्यात थरारक वाटते. वर आपण चिमटी लावली तेव्हा काही फुटले नाही, बरोबर? पण त्या क्षणी आपण स्वतःच्या हाताने तरंगता डोंगर जमिनीला बांधला! आता कपॅसिटरचे अधिक टोक जमिनीपासून पक्के 325 व्होल्टवर आहे. फरशी पुन्हा दुसरी तार झाली. एका बोटाचा स्पर्श पुन्हा पुरेसा. आणि हे घडताना ना आवाज झाला, ना फ्यूज उडाला, ना दिवा विझला. डबा तसाच गुणगुणत राहिला. त्याच ट्रान्सफॉर्मरवर दुसरे एखादे उपकरण जोडलेले असेल आणि त्याच्या बॉडीत दोष असेल, तरीही हेच होते. म्हणून एका ट्रान्सफॉर्मरवर एकच उपकरण, आणि तेही तपासणीतले. सीआरओ, सोल्डरिंगची काडी, टेबलाचा दिवा हे सगळे नेहमीच्या अर्थ असलेल्या सॉकेटवर. चिमटी वीज बंद असताना लावा, मग वीज चालू करा, आणि त्यानंतर बोर्डाला हात नाही. हॉट साइडवर वारंवार मापे घ्यायची असतील तर डिफरन्शियल प्रोबवर खर्च करा. त्याला जमिनीची चिमटीच नसते.

काही जण उलटे करतात: सीआरओच्याच प्लगची अर्थची पिन कापून टाकतात. मग चिमटी हॉट साइडला लागताच सीआरओची अख्खी धातूची बॉडी, त्याचे सॉकेट, त्याचे स्क्रू फेजवर चढतात. ज्याला आपण दिवसभर हात लावतो तेच यंत्र सापळा होते. हे कधीही करू नका.

मोठ्या इस्पितळांनी या मूक धोक्याला उत्तर शोधले आहे. अतिदक्षता विभागात आणि शस्त्रक्रियागृहात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून वीज देतात, कारण ऑपरेशन चालू असताना पहिल्याच दोषाला फ्यूज उडून यंत्रे बंद पडणे परवडत नाही. पण तिथे सोबत एक पहारेकरी यंत्र असते. ते सुटलेल्या तारा आणि जमीन यांच्यातला अडथळा सतत मोजत राहते आणि तो 50 किलोओहमपर्यंत उतरला की गजर करते. वीज चालूच राहते, माणसे सावध होतात. तुमच्या टेबलावर असा पहारेकरी नाही. ते काम तुमच्या डोक्याने करायचे आहे.

‘पण माझ्याकडे आरसीसीबी आहे,’ असे तुम्ही म्हणाल. छान आहे, आणि तो हवाच. बिघाड ओळखून क्षणात वीज तोडणाऱ्या स्विचगिअरचा धंदा तर नगरच्या रक्तातला. लार्सन अँड टुब्रोचा इथला कारखाना याच धंद्यातला; 2020 मध्ये त्यांचा तो सगळा व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. आरसीसीबीची कल्पनाही किती देखणी! फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात. जितकी वीज गेली तितकीच परत आली, तर दोघींची चुंबकत्वे एकमेकींना पुसून टाकतात. कुठे 30 मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे कोणाच्या तरी शरीरातून जमिनीत गेली, की तो क्षणार्धात वीज तोडतो. आता तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या आधी बसवलेला आहे असे धरा. पलीकडे काहीही झाले, माणूस दोन्ही तारांत अडकला तरी, अलीकडच्या कॉइलमध्ये जितकी वीज जाते तितकीच परत येते. हिशेब नेहमी चोख. आरसीसीबीला काही दिसतच नाही! एका रक्षकाने दुसऱ्या रक्षकाचे डोळे झाकले. म्हणून आरसीसीबी टेबलावरच्या बाकीच्या सॉकेटांसाठी ठेवा, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे त्याच्यावर विसंबू नका.

मग येतात सोंगे. डिमरस्टॅट फिरवला की व्होल्ट शून्यापासून वर चढतात, म्हणून कित्येकांना वाटते की हाही वीज सुटी करतो. नाही. त्यात एकच कॉइल असते आणि तिच्यावर एक ब्रश सरकतो. आतली तार आणि बाहेरची तार एकच तांबे. हे ऑटोट्रान्सफॉर्मर. गंमत म्हणजे याच जातीचे राक्षसी भाऊबंद वीज जाळ्यात काम करतात. राहाता तालुक्यातल्या बाभळेश्वरला आहे तशा 400 केव्ही उपकेंद्रांत 400 वरून 220 केव्हीवर उतरणारे ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे सहसा ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, कारण त्यात तांबे आणि लोखंड वाचते. तिथे ते शोभते. तुमच्या टेबलावर मात्र डिमरस्टॅटच्या शून्यावरही एक तार थेट लाइनला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला असेल तर ती तार फेजची असते. घरगुती स्टॅबिलायझरही बहुतेक याच जातीचा. डिमरस्टॅट वापरायचा असेल तर सोबत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

दुसरे सोंग अधिक फसवे, कारण त्याच्यावर नावच आयसोलेशनचे असते. एमआयडीसीतल्या सीएनसी मशीनसाठी ‘अल्ट्रा आयसोलेशन’ ट्रान्सफॉर्मर घेतात. त्यांचे काम लाइनवरची खरखर अडवणे, आणि मशीनला न्यूट्रल-अर्थमध्ये शून्याजवळ व्होल्ट हवे असतात, म्हणून त्यांच्या बाहेरच्या बाजूचे न्यूट्रल पुष्कळदा परत अर्थला जोडून दिलेले असते. दोन कॉइल वेगळ्या आहेत, सगळे खरे. पण गाठ पुन्हा बांधलेली आहे. जुन्या बाजारातून असा डबा स्वस्तात घेऊन दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला, तर तुमच्याकडे वजनदार लोखंड आहे, संरक्षण नाही.

तिसरी गोष्ट सोंग नाही, आठवण आहे. वीज बंद केली तरी तो मोठा कपॅसिटर भरलेला असतो. 100 मायक्रोफॅरडवर 325 व्होल्ट म्हणजे पाच जूलहून थोडी अधिक ऊर्जा, एका क्षणात सुटायला तयार. प्लग काढा, योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून तो रिकामा करा, मल्टिमीटरने शून्य पाहा, मग हात घाला. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची पद्धत कितीही प्रचलित असली तरी वाईटच. आणि दुरुस्त बोर्ड पहिल्यांदा चालू करताना सिरीजला बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि बोर्ड वाचते. इतक्या स्वस्त वस्तूने इतके नुकसान टळते, हे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती खिशातल्या मोबाइलच्या चार्जरमध्ये आहे. तुम्ही चार्जिंगला लावलेला फोन उघड्या पायांनी उभे राहून बिनधास्त हातात धरता. का धरू शकता? चार्जरच्या आत एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे! नखाएवढा. 50 हर्ट्झवर तेवढी शक्ती पेलायला भला मोठा गाभा लागला असता; पण चार्जर आधी वीज साठवतो, मग तिचे सेकंदाला हजारो, कित्येकदा लाखभर तुकडे करतो, आणि तेवढ्या वेगाने बदलणाऱ्या चुंबकत्वाला फेराइटचा इवलासा गाभा पुरतो. फॅरडेने बॅटरी जोडली आणि काढली. चार्जर तेच काम सेकंदात लाखभर वेळा करतो.

पण एक अडचण उरते. फोनच्या बाजूला व्होल्ट बरोबर आहेत की नाहीत, ही बातमी हॉट साइडला परत द्यायची असते, आणि तार तर ओढता येत नाही. बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये ही बातमी प्रकाशातून जाते. दुकानात ‘817’ म्हणून ओळखला जाणारा चार पायांचा काळा तुकडा आठवतो? त्याच्या आत एका बाजूला न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा एलईडी आहे आणि समोर तो प्रकाश पाहणारा ट्रान्झिस्टर. मध्ये तांबे नाही. शक्ती चुंबकत्वातून पलीकडे जाते, निरोप उजेडातून अलीकडे येतो! बोर्ड उलटे करून बघा: त्या तुकड्याच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या खालून एक रिकामी पट्टी गेलेली दिसते, जिथे तांब्याची एकही रेघ नाही, कधी कधी तिथे बोर्डच कापून फट ठेवलेली असते. त्या पट्टीच्या एका बाजूला गल्लीतला डीपी आहे, दुसऱ्या बाजूला तुमचे बोट. अगदी स्वस्त, बिनब्रँडच्या चार्जरमध्ये ही पट्टी काही मिलिमीटरांची असायला हवी तिथे एखादाच मिलिमीटर उरतो, आणि म्हणूनच तो चार्जर महाग पडतो.

तुमच्या टेबलावर, दुकानात किंवा आयटीआयच्या प्रयोगशाळेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल, तर आज त्याचा प्लग काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. बाहेरच्या सॉकेटच्या दोन्ही टोकांपासून अर्थपर्यंत मोजा, मग आतल्या आणि बाहेरच्या कॉइलमध्ये मोजा. दोन्ही ठिकाणी वाट पूर्ण तुटलेली दिसली पाहिजे. इन्शुलेशन तपासणारा मेगर मिळाला तर 500 व्होल्टवर तीच तपासणी पुन्हा करा. कुठेही जोड सापडला, तर तो डबा आजच टेबलावरून उतरवा आणि त्यावर तसे ठळक लिहून ठेवा, म्हणजे उद्या दुसरे कोणी त्याच्या नावावर विश्वास ठेवणार नाही.